शिंपला किती घासावा?

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, ते आमच्या घराचा खालचा मजला गिळूनच थांबलं. ओसरल्यावर दार ढकललं तर आत घोट्याच्या वर गाळ. गाद्या, तांदळाचं पिंप, लग्नाचा अल्बम, शिलाई मशीन, सगळं एकाच रंगाचं झालेलं. पहिले चार दिवस फावड्यानं गाळ ओढण्यात गेले. पाचव्या दिवशी कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाताला लागला. माझे शिंपले. झाकण स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं, डबा बादलीत उपडा केला आणि तीनदा पाणी बदललं. चौथ्या पाण्यात शिंपले होते तसे दिसायला लागले. पुराचं ज्याला काही वाटलं नाही असं घरात एवढंच होतं. पाण्यातलीच वस्तू ती, तिला काय वाटणार?

गेल्या त्या चिठ्ठ्या. कुठला शिंपला कुठून, कधी उचलला, हे मी शाईच्या पेनानं लिहून ठेवलं होतं. त्या सगळ्याचा निळा लगदा झाला होता.

तेव्हापासून शिंपले स्वच्छ करणं या अगदी बिनमहत्त्वाच्या कामाकडे मी जरा गंभीरपणे पाहायला लागले. हा लेख त्याच कामाबद्दल आहे. तळीये गावावर दरड कोसळली तो दिवस त्या पुराचाच होता. ज्या तालुक्यानं तो पाहिला, तिथे बसून शिंपल्यांवर लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, हेही सांगून टाकते.

महाड-पोलादपूरच्या माणसाकडे शिंपले कसले, असं रायगडच्या किनारपट्टीवरचे लोक हसून विचारतात. मागे सह्याद्रीची भिंत, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. समुद्र कुठे आलाय इथे? पण महाड हे समुद्राचंच गाव आहे, समुद्र फक्त जरा लांब राहतो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून खाली येते, महाडला गांधारी तिला मिळते आणि दासगाव, आंबेत करत ती बाणकोट-हरिहरेश्वरच्या मधून अरबी समुद्रात जाते. भरतीचं पाणी खाडीच्या वाटेनं पन्नासेक किलोमीटर आत येतं. पालेगावच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी खोदली गेली, ती महाडच्या बंदराच्या वाटेवर. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते बोटीनं, आणि खाडीतून येऊन उतरले दासगावला. आज दासगाव म्हणजे महामार्गावरचा एक थांबा वाटतो, तिथे बंदर होतं हे मुद्दाम सांगावं लागतं.

खाडीची खूण बाजारात मात्र अजून दिसते. मासळीवाल्यांपुढे तिसऱ्यांचे वाटे लागतात. ज्या घरांत तिसऱ्यांची एकशिपी होते, त्या घरांतल्या बायकांना शिंपले साफ करण्याचं अर्धं शास्त्र आधीच येतं: तिसऱ्या पाण्यात ठेवून वाळू ओकू द्यायची, उघडी राहिलेली मेलेली तिसरी फेकायची, विळीवर शिंपी उघडताना कड फुटू द्यायची नाही. उरलेलं अर्धं शास्त्र जेवण झाल्यावर सुरू होतं, आणि तिथेच सगळे चुकतात. मीही चुकले.

दहा-अकरा वर्षांची असेन. दिवाळीच्या आधी पोलादपूरच्या आजोळी भांडी घासायचा मोठा कार्यक्रम असे. अंगणात चिंच भिजत घातलेली, शेजारी राख, नारळाची किशी. तांब्याचा बंब, कळश्या, समया, घंघाळ. काळवंडलेल्या कळशीवर चिंचेचा गोळा फिरवला की खालून लालभडक तांबं येई. ती जादू बघून मला वाटलं, जे कळशीला लागू ते सगळ्यालाच लागू. आजीच्या सारीपाटाच्या सहा कवड्या मी चिंचेच्या पाण्यात बुडवल्या. वर थोडं लिंबूही पिळलं. रात्रभर ठेवल्या. सकाळी काढल्या तेव्हा सहाही पांढुरक्या पडल्या होत्या, खडूसारख्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या. मी त्या तेलात बुडवल्या, कापडानं तासभर घासल्या. चमक आली नाही. आजी मला काही बोलली नाही. त्या वर्षापासून ती सारीपाट चिंचोक्यांवर खेळायला लागली, एवढंच.

तिथे काय बिघडलं ते कळायला मला बारावीचं रसायनशास्त्र लागलं. तांब्याच्या कळशीवर मळ हा पाहुणा असतो. हवेनं आलेला ऑक्साइडचा थर चिंचेतलं आम्ल विरघळवतं आणि खाली पुन्हा तांबंच असतं, आणखी घासलं तरी तांबंच. शिंपल्याचं तसं नाही. शिंपला जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्या आणि संगमरवराच्या नात्यातला. चिंचेतलं टार्टरिक, लिंबातलं सायट्रिक, व्हिनेगरमधलं ॲसेटिक, संडास-बाथरूम धुवायच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक: यांतलं कुठलंही आम्ल लागलं की तो फसफसतो. ते बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो मळातून निघत नसतो. तो शिंपल्यातून निघतो. मळ तसाच राहून शिंपला झिजला, असंही होतं.

कवडीची गोष्ट आणखी वाईट. बहुतेक शंख-शिंपल्यांना बाहेरून एक पातळ तपकिरी साल असते. शास्त्रात तिला पेरिओस्ट्राकम म्हणतात. कवडीला ती नसते. आतला जीव जिवंतपणी आपल्या मऊ अंगाची दुलई कवडीवर बाहेरून पांघरतो आणि त्या दुलईतून तिच्यावर थरावर थर चढवत राहतो. कवडीची झळाळी म्हणजे हा शेवटचा थर, केसाहून पातळ. तो एकदा खाल्ला गेला की तो जीव परत येऊन लावणार नाही. त्यामुळे तुळजाभवानीच्या माळेतल्या असोत, सारीपाटाच्या असोत की लक्ष्मीपूजनाला मांडायच्या असोत, कवड्यांना कोमट पाणी, साबणाचा फेस आणि मऊ फडकं यापलीकडे काही दाखवू नये. आपल्याकडच्या चलनी कवड्या मुख्यतः मालदीवहून येत. इतक्या लांबून येऊन चिंचेत मेल्या त्या माझ्या हातून.

निसर्गसुद्धा हीच चूक करतो, फक्त सावकाश. पोलादपूरकडच्या नदीत उन्हाळ्यापूर्वी पाणी उतरलं की डोहाच्या कडेला काळपट शिंपले सापडतात. बाहेरून शेणकुटासारखे, आत मोत्याचा रंग. त्यांच्या बिजागरीजवळचा उंचवटा बहुतेक वेळा कुरतडल्यासारखा असतो, साल उडून खालचा पांढरा थर उघडा पडलेला. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. काळ्या पाषाणावरून वाहणाऱ्या त्या पाण्यात चुना जेमतेम, आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आंबट. सालीला जिथे चीर गेली तिथून नदी शिंपला खात बसते. म्हणजे ती तपकिरी, कुरूप साल हा मळ नव्हे. ती शिंपल्याची छत्री आहे.

याच दगडामुळे कोकणात शिंपल्याला एके काळी भाव होता. आमच्याकडे काळा पाषाण आणि जांभा. चुनखडीचा दगड नाही. मग घर बांधायला, गिलाव्याला, पानाला चुना आणायचा कुठून? किनाऱ्यावर शिंपल्यांचे ढीग भट्टीत भाजायचे. नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास शिंपल्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध माल शंभर किलो घातला तर छप्पन्न किलो चुना. चव्वेचाळीस किलो हवेत. पाणी मारलं की तो उकळत फुलतो, मग घाण्यात मळायचा. अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचं ते दगडी गोल चाक आणि चर अजून पाहायला मिळतात. गोव्यात तर काचेऐवजी खिडक्यांना पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदानं बसवत. जुन्या घरांत आजही त्यांतून दुधाळ उजेड येतो.

आता कामाचं. किनाऱ्यावरून आणलेल्या पिशवीचं काय करायचं?

पहिलं म्हणजे वास. आत मांस राहिलं असेल तर दुसऱ्याच दिवशी शेजारी विचारायला येतात. जाड, खरबरीत शिंपले गार पाण्यात घालून हळूहळू उकळावेत, पाचेक मिनिटं पुरे. उकळत्या पाण्यात एकदम टाकले तर तडकतात. गुळगुळीत, चकचकीत शंखांना उकळी नकोच. ते पिशवीत बांधून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावेत, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. घरच्या फ्रीजरमध्ये मेलेल्या शंखाला जागा मिळत नसेल (माझ्याकडे मिळत नाही) तर कुंडीतल्या मातीत तोंड खाली करून पुरावा. मुंग्या आणि किडे पंधरा-वीस दिवसांत आत असं काम करतात की कुठलाही तारेचा आकडा तिथवर पोचणार नाही.

मग गोडं पाणी. ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर पावसाळ्यात पस्तावतात. शिंपल्याच्या बारीक छिद्रांत मीठ बसलेलं असतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. आठवडाभर बादलीत ठेवून रोज पाणी बदलायचं. तेवढ्यानं निम्मी घाण आपोआप सुटते. उरलेलीला दात घासायचा जुना ब्रश आणि रिठ्याचा फेस. चिकटलेले खडबडीत कवचकिडे आणि किड्यांच्या पांढऱ्या नळ्या दाभणाच्या टोकानं, कडेनं, कंटाळा न करता उचकटायच्या. टीव्ही बघत करायचं काम आहे हे.

शेवाळाचा हिरवा डाग आणि कुजका काळेपणा ब्रशनं जात नाही. त्याला ब्लीच लागतं. कोविडात घरोघरी आलेलं सोडियम हायपोक्लोराइट चालतं. पुरानंतर गावभर पसरली होती ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, निवळून घेतली तरी चालते. हे रसायन सेंद्रिय घाण जाळतं, चुन्याला फारसं हात लावत नाही. बाजारचं ब्लीच घेऊन तेवढंच पाणी घालावं, हातमोजे घालावेत, गॅलरीत किंवा अंगणात बसावं. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक शिंपला बाहेर काढून बघावा. डाग गेला की थांबायचं. रात्रभर ठेवणाऱ्यांची मला भीती वाटते. शिंपल्यात चुन्याच्या बारीक विटा प्रथिनांच्या गोंदानं चिकटलेल्या असतात. तो गोंद वजनानं शेकडा पाचाच्या आतच, पण विटा धरून ठेवतो तोच. ब्लीचला घाण कुठली आणि गोंद कुठला हे कळत नाही.

आणि एक गोष्ट ओरडून सांगण्यासारखी. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र, किंवा एकाच बादलीत एकामागून एक, कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तोच, जो एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला सैनिकांवर सोडला होता. एमआयडीसीशेजारी राहणाऱ्या महाडकरांना क्लोरीन म्हणजे काय ते सांगायला नको. न्हाणीघरात ते करू नका.

मग चमक कशी आणायची? या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो: आणायची नाही, दिसू द्यायची. ओल्या शिंपल्याचे रंग किनाऱ्यावर झळकतात आणि घरी आल्यावर तोच शिंपला राखी दिसतो. रंग कुठेही गेलेला नसतो. कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावर उजेड दाही दिशांना विखुरतो, त्याचा पांढरा धुरळा रंगावर बसतो. पाण्यानं छिद्रं भरली की विखुरणं थांबतं. म्हणून करायचं ते इतकंच की पाण्याच्या जागी न उडणारं काहीतरी भरायचं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसावं, तासाभरानं कोरड्या फडक्यानं जादाचं काढावं. कोकणी माणूस खोबरेल लावणार, हे मला माहीत आहे. लावा. पण ते काही महिन्यांनी खवट होतं, धूळ धरतं, आणि कपाटात मुंग्यांची रांग लागते. व्हार्निश मात्र नको. ते पिवळं पडतं, सोलवटतं, आणि शिंपला प्लास्टिकचा वाटायला लागतो.

शिंपल्याच्या आतल्या, मोत्याच्या रंगाच्या बाजूला तर तेलही नको. तिथे चुन्याच्या पातळ पापुद्र्यांची चवड असते, एकेक पापुद्रा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. उजेडाच्या लहरीची लांबीही तेवढ्याच मापाची, म्हणून त्यांतून परतणाऱ्या उजेडात इंद्रधनुष्य हलतं. तो रंग नाही, ती रचना आहे. फडक्यानं पुसलं की पुरे.

दुकानात मिळणारे शिंपले इतके लखलखीत कसे, असा प्रश्न नेहमी येतो. अनेकदा ते तीव्र ॲसिडमध्ये दोन-तीन सेकंद बुडवून लगेच धुतलेले असतात. वरचा कातडीएवढा थर जातो, आतला गुळगुळीत थर वर येतो. हात बसलेल्या कारागिराचं काम आहे ते. एक सेकंद जास्त झाला की नक्षी गेली. मला तो चकचकाट पटत नाही. शिंपल्यानं आयुष्यभर वाळू, खेकडे आणि लाटा झेलून चेहऱ्यावर जे काही मिळवलं, ते सगळं त्या दोन सेकंदांत पुसलं जातं. आणि ती तपकिरी साल काढली तर पुढे ती जात ओळखणंही अवघड होतं. म्हणून एका जातीचे दोन मिळाले तर एकाला मी हात लावत नाही. दीपक आपटे यांचं बीएनएचएसनं १९९८ मध्ये काढलेलं 'द बुक ऑफ इंडियन शेल्स' घेऊन बसलं की अशा न घासलेल्या शिंपल्याची किंमत कळते.

एवढं करून शिंपले कपाटात ठेवले, की कोकणातला पावसाळा आपलं काम सुरू करतो. आषाढ-श्रावणात भिंती घाम गाळतात, चपलांवर बुरशी येते, आणि एखाद्या सकाळी शिंपल्यावर पांढरी भुकटी दिसते. बुरशी समजून पुसली तर खाली खड्डे. इंग्लंडमधल्या लॉफ्टस बाइन नावाच्या संग्राहकानं १८९९ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते 'बाइनचा रोग' झालं. बाइनला वाटलं जंतूंचं काम आहे. पुढे उलगडा झाला की गुन्हेगार कपाट आहे. लाकूड, प्लायवुड, पुठ्ठा यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं सुटत राहते. दमट हवेत ती शिंपल्यावर बसते आणि माझ्या चिंचेनं एका रात्रीत केलं ते दहा वर्षांत करते. बंद सागवानी शोकेस म्हणजे शिंपल्यासाठी चिंचेच्या पाण्याचं घंघाळच. काचेच्या बरणीत ठेवा. माझा पत्र्याचा डबा गंजला, पण आतल्या मालाला त्यानं खाल्लं नाही, हे त्याचे उपकार.

हे सगळं झालं मेलेल्या शिंपल्यांचं. उचलताना आत कोणी आहे का, हे बघायला हवं. हरिहरेश्वर-दिवेआगरच्या वाळूत पडलेला रिकामा शंख बऱ्याचदा रिकामा नसतो. पाय ओढून एक संन्यासी खेकडा आत बसलेला असतो. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख तर हातात धरूच नये. त्याच्याकडे विषारी बाण असतो आणि या कुळातल्या एका जातीच्या दंशानं माणसं मेली आहेत. कायदाही आहे. २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या २४ जाती आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले. वाळूत पडलेला पोवळ्याचा मेलेला तुकडासुद्धा 'शोभेला' उचलून आणायचा नाही.

माझा एक शिंपला कमी झाल्यानं समुद्राचं काय अडणार, हे आर्ग्युमेंट मीही केलं आहे. स्पेनच्या सालोऊजवळच्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी १९७८ ते १९८१ मध्ये शिंपले मोजले आणि तिथेच पुन्हा २००८ ते २०१० मध्ये. मधल्या काळात पर्यटक पावणेतीनपट झाले होते. शिंपले निम्म्याहून खाली आले होते. तिथे मासेमारी किंवा बंदर यांत मोठा बदल झालेला नव्हता. श्रीवर्धनच्या रस्त्यावर शनिवारी सकाळी गाड्यांची रांग बघते तेव्हा मला तो आकडा आठवतो, आणि मग आमच्याच गाडीत मागच्या सीटवर ठेवलेली पिशवीही दिसते. आता पिशवी नेत नाही. खिशात मावेल तेवढंच.

पुरातून वाचलेल्या त्या डब्यात आज साठेक शिंपले आहेत. कुठला कुठला, ते मला सांगता येत नाही. आजोळच्या सहा कवड्याही आहेत, अजून खडूसारख्याच. त्यांच्यावर मी आता तेलाचा प्रयोग करत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर गेलात तर एकच उचला, आत कोणी नाही याची खात्री करून. घरी आणून गोड्या पाण्यात ठेवा. आणि चिठ्ठीवर किनाऱ्याचं नाव आणि तारीख शिसपेन्सिलीनं लिहा. पेन्सिलीची अक्षरं पाण्यात पसरत नाहीत.